बावीस हजार तीनशे... काय?

विमान उडण्याआधी वैमानिकाने कायद्याने काय काय बघायचं, ती यादी वाचायला भयंकर कंटाळवाणी. हवामान, वजन, धावपट्टीची लांबी, इंधन. अमेरिकन नियम तर म्हणतो की उड्डाणाबद्दल उपलब्ध असलेली 'सगळी' माहिती करून घ्या. सगळी! लिहिणाऱ्याचं काय जातंय?

पण कॅनडातली गोष्ट ऐका. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवं कोरं बोईंग ७६७, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधनाचे काटे बंद. मग टाकीत पट्टी घालून मोजलं: ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. लिटरला १.७७ ने गुणलं आणि उरलेलं भरलं. गुणाकार अगदी बरोबर, फक्त १.७७ हे लिटरचं पौंडातलं वजन! किलोत ते साधारण ०.८ येतं. देश नुकताच मेट्रिककडे वळत होता आणि किलोत मोजणारं हे त्या कंपनीचं पहिलंच विमान. म्हणजे हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन. ओटावाला परत मोजलं, परत त्याच १.७७ ने गुणलं.

मला विचाराल तर खरी गोम गणितात नाहीच. काय बंद असलं तरी विमान उडवता येतं, याची एक अधिकृत यादी असते. तिच्याप्रमाणे सगळे काटे बंद असताना हे विमान उडवायला परवानगीच नव्हती. पण विमान नवं, यादी सारखी बदलत होती, आणि कॅप्टन रॉबर्ट पिअर्सनचा समज असा की देखभाल विभागाने हिरवा कंदील दिलाय. (टेस्ट लाल दिसत असताना 'कोणीतरी बघितलंय' म्हणून रिलीज करणारे आपण, हसू नये.) त्यात भर म्हणजे पूर्वी इंधनाचा हिशोब फ्लाइट इंजिनिअर करायचा. ७६७ मध्ये ती खुर्चीच काढली होती. हिशोब कोणाचा, हे कोणी नीट ठरवलंच नव्हतं.

४१,००० फुटांवर इंधन संपलं. दोन्ही इंजिनं बंद. पिअर्सन हौशी ग्लायडरवाला, आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटलला गिमलीचा जुना हवाईदल तळ माहीत. तिथे तेव्हा मोटारींच्या शर्यती चालू होत्या! ६९ च्या ६९ जण वाचले.

कंपनीने पिअर्सनला सहा महिने खालच्या पदावर टाकलं, क्विंटलला दोन आठवडे निलंबित केलं. १९८५ मध्ये दोघांना आंतरराष्ट्रीय हवाई महासंघाचं गौरवपत्र मिळालं. विमान मात्र दुरुस्त होऊन २००८ पर्यंत उडत राहिलं.