पळणं आणि धावणं

आज थोडं पळण्याविषयी.

पळणं आणि धावणं हे समानार्थी शब्द, असं मी तीसेक वर्षं वर्गात मुलांना सांगत आलो. परीक्षेपुरतं ते बरोबरच आहे. पण जरा निरखून पाहा. पळपुटा, पळवाट, पळ काढणे, रणातून पळाला... 'पळ' आला की काहीतरी उणं आलंच. उलट मदतीला माणूस धावून येतो, संकटात आपण देवाचा धावा करतो. सरड्याचीसुद्धा कुंपणापर्यंत का होईना, पण 'धाव'च असते. थोडक्यात, पळणारा कशापासून तरी दूर जातो आणि धावणारा कशाकडे तरी जातो.

आमच्या वऱ्हाडात हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. आम्ही 'ळ'चा 'य' केला आणि सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं. चोर पयते, त्याच्या मागं पोलीसही पयते, आणि निवृत्तीनंतर पहाटे साडेपाचला राजापेठेतून मीही पयतो. पयतो म्हणजे काय, भरभर चालणारी एखादी बाई मला सहज मागं टाकते. पण दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात, तेव्हा शास्त्राप्रमाणे ते पळणंच!

चौकातले चहावाले, दूधवाले सगळे ओळखीचे. त्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "कोनाच्या मांगं पयता जी सर? का कुत्रं लागलं?" मी म्हणतो, "कोनाच्याच नाही." हे उत्तर काही त्यांना पटत नाही. आणि खरं सांगू, इतिहास पाहिला तर त्यांचं बरोबर आहे. आपल्याकडे उगाच, कुणासाठीच नाही, असं कुणी फारसं पळालेलंच नाही.

पूर्वी पळणं हा पोटाचा धंदा होता. जासूद, कासीद, हरकारे ही माणसं पायांवर जगायची. पुढे इंग्रजी अमदानीत टपालाचे हरकारे खांद्यावर थैली आणि हातात घुंगरांची काठी घेऊन रानातून धावत. घुंगरांचा आवाज जनावरांना दूर ठेवायला. एकाचा टप्पा संपला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर. आज रिले शर्यतीत काठी देतात ना, तसंच. फक्त टाळ्या वाजवायला कुणी नसे.

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. नानासाहेब पेशवे तेव्हा फौजेनिशी उत्तरेकडे निघाले होते. पराभवाची वार्ता त्यांना दहाएक दिवसांनी कळली ती सरकारी खलित्यातून नव्हे, तर एका सावकारी पत्रातून. ते पत्र घेऊन निघालेला कासीद वाटेत पेशव्यांच्या छावणीत सापडला. त्यातला सांकेतिक मजकूर आपल्या पिढीने शाळेत पाठ केलेला आहे. पण तो मजकूर ज्याच्या पायांनी आला, त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे? मलाही नाही. पत्र लिहिलं सावकाराने, वाचलं पेशव्यांनी, मधल्या पायांची नोंद कुठे ठेवायची?

आता ग्रीकांचं नशीब बघा. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानात त्यांनी इराण्यांना हरवलं. विजयाची बातमी घेऊन एक जण अथेन्सपर्यंत धावला, बातमी सांगितली आणि कोसळून मेला, अशी गोष्ट आहे. हिरोडोटसच्या जुन्या इतिहासात मात्र ती नाही. त्यात फिडिपिडीस लढाईआधी मदत मागायला स्पार्टाला धावतो. मरण्याचा प्रसंग कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनी सांगितला. पण गोष्ट अशी गोड, की तिच्यावरून १८९६ साली ऑलिंपिकमध्ये शर्यत सुरू झाली. मॅरेथॉन या गावाचं नाव म्हणे बडीशेपेवरून पडलं आहे. म्हणजे जगभर लाखो लोक ऊर फुटेस्तोवर धावतात ते बडीशेपेच्या नावाने! असो. त्यांच्या निरोप्याची शर्यत झाली, आपल्याचं नावही उरलं नाही.

नाही म्हणायला आपल्याकडे आनंदाचं धावणं एका ठिकाणी आहे, ते म्हणजे वारीत. ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरजवळ आली की वारकरी उतारावरून धावत सुटतात. तुकोबांना इथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. त्याला नावही 'धावा' असंच आहे. तिथे घड्याळ नाही की नंबर नाही. पण तिथेही पुढे पांडुरंग उभा आहेच.

घड्याळ आपल्या पळण्यात आलं ते फार उशिरा. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी शेतकरी घरातली पोरं अनवाणी पळताना पाहिली. कुणी शिकवलेलं नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं ठरलं. तेव्हाचा एक किस्सा सांगतात. शंभर मीटरला पात्र ठरायला किती वेळ लागावा, असं जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाला विचारलं, तर तो म्हणाला, "असेल एक-दोन मिनिटं." हिशेब सेकंदांत करतात हे कळल्यावर तो थक्कच झाला. एक-दोन मिनिटांत शंभर मीटर मीसुद्धा जातो हो!

पण त्यातूनच १९२० साली बेळगावचा फडेप्पा चौगुले बेल्जियममध्ये अँटवर्पला पोहोचला. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, ऑलिंपिकमधली सर्वांत लांब. चौगुले सुमारे २ तास ५१ मिनिटांत धावून एकोणिसावा आला. ही शर्यत जिंकणाऱ्या फिनलंडच्या कोलेमाइनेनचं नाव जगाला ठाऊक आहे. आपल्या चौगुलेचं नाव किती मराठी घरांत ठाऊक असेल?

आमच्या अमरावतीला व्यायामाचं वावडं नव्हतं. वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायामशाळा काढली, तीच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. पण त्या काळी शरीर कमवायचं ते देशासाठी. मौज म्हणून घाम गाळावा, हे त्या पिढीला चैनीचंच वाटलं असतं.

आणि आज? पहाटे छत्री तलावाच्या रस्त्याला जाऊन पाहा. अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. बहुतेक पोलीस भरतीची तयारी करणारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. कुणाचे बूट फाटलेले, कुणी एका जोडीत दोघं भाऊ. मुलींना पाहून मला १९२८ आठवतं. त्या साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली आणि बायकांना हे झेपणार नाही म्हणून लगेच बंदही झाली. ती पुन्हा सुरू झाली १९६० ला. तेच ८०० मीटर आमच्या खेड्यांतल्या मुली आज ओढणी कमरेला बांधून पळतात.

त्यांचं पळणं मात्र माझ्यासारखं नाही. माझी दहा सेकंदं गेली तर काही बिघडत नाही. त्यांची दहा सेकंदं म्हणजे घराचं भाडं, बहिणीचं लग्न, बापाचं कर्ज. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत असाच पायी, धावत जायचा. पुढे सैन्यात गेला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं. पण असा एखादाच. बाकीच्यांचं काय होतं? भरती झाली की पळणं सुटतं, आणि वय उलटलं की तर सुटतंच. रस्त्यावर दरवर्षी नवे चेहरे, जुने कुठे जातात कळत नाही. मला वाईट वाटतं ते याचं. पायांत एवढं बळ आणलं, आणि ते स्वतःसाठी एक दिवसही वापरलं नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. तीन वेळा भरतीला उतरला, थोडक्यात राहिला, आता वय गेलं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. मधली दोन वर्षं तो मैदानाकडे फिरकला नाही. हल्ली मात्र रविवारी येतो. परवा त्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं नाही, म्हणून विचारलं.

"घरी ठेवलं सर," म्हणाला, "आता कोन मोजते?"

आणि मला मागं टाकून, मजेत, पुढे निघून गेला.