विरूपण, हौशी रेडिओतील

उच्च कंप्रतेच्या वाहक तरंगाच्या एखाद्या गुणधर्मात ध्वनिसंकेतानुसार बदल घडवून आणण्याच्या क्रियेस विरूपण म्हणतात. तरंगाचा परमप्रसर (उंची) बदलल्यास परमप्रसर विरूपण व कंप्रता बदलल्यास कंप्रता विरूपण होते. हौशी रेडिओ परवान्याच्या परीक्षेसाठी या व्याख्या बहुधा पाठ केल्या जातात. परंतु आवाज चढविल्यावर तरंग किती जागा व्यापतो, हे त्यांवरून उमगत नाही.

जळगाव आकाशवाणी केंद्र मध्यम तरंगांवर ९६३ किलोहर्ट्‌झ या आकड्याने श्रोत्यांच्या परिचयाचे झाले. मेहरूणमधील श्रोता काटा तेथे आणतो, तेव्हा तो वस्तुतः एक पट्टा निवडतो. आवाजाची कमाल कंप्रता ४.५ किलोहर्ट्‌झ धरल्यास वाहकाच्या दोन्ही अंगांस पार्श्वपट्ट निर्माण होऊन ९५८.५ ते ९६७.५ किलोहर्ट्‌झ एवढी जागा व्यापली जाते. दोन्ही पट्टांतील संदेश एकच असतो. एका स्वराने १०० टक्के विरूपण केले, तरी दोन-तृतीयांश शक्ती संदेशविरहित वाहकातच राहते.

रेजिनल्ड फेसेंडेन यांनी १९०० मध्ये रेडिओद्वारे मानवी आवाज पाठविला. वाहक व एक पार्श्वपट्ट वगळता येतो, ही कल्पना जॉन कार्सन यांनी १९१५ मध्ये एकस्वासाठी मांडली. तरी ध्वनिप्रक्षेपणात वाहकासह परमप्रसर विरूपणच दीर्घकाळ रूढ राहिले.

त्याचा एक परिणाम भूमिगतांच्या दृष्टीने गंभीर होता. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र ४२.३४ मीटरवर, म्हणजे सु. ७.०८ मेगाहर्ट्‌झवर बोलत असे. ही कंप्रता हौशींच्या ४० मीटर पट्ट्यातील होय. वाहकयुक्त प्रक्षेपणात निवेदक क्षणभर थांबला, तरी वाहक चालूच राहतो व दिशाशोधकास माग देतो. त्यामुळे जागा वारंवार बदलणे हाच बचाव होता. तथापि १२ नोव्हेंबर रोजी केंद्र पोलिसांच्या हाती लागले, ते एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे; तंत्राच्या उणिवेवर सारा दोष टाकणे योग्य नव्हे.

कार्सन यांनी १९२२ मध्ये कंप्रता विरूपणाने जागा वाचत नाही असे गणिताने दाखविले. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये पट्टा उलट रुंद करून गोंगाट दाबला. भारतात या पद्धतीचे प्रक्षेपण १९७७ मध्ये मद्रास येथे सुरू झाले.

भारतीय हौशी सेवेचे नियम १९७८ चे असून मर्यादित श्रेणीस मॉर्सची चाचणी लागत नाही. रेडिओचे तत्त्वज्ञान मात्र दोन्ही श्रेणींस आवश्यक आहे. ७ मेगाहर्ट्‌झवर हौशी आता प्रायः खालचा एकच पार्श्वपट्ट वापरतात. त्यास सु. ३ किलोहर्ट्‌झ जागा पुरते आणि बोलणारा थांबला की प्रेषकही जवळजवळ मुका होतो.