चिखलदरा : एका गिरिस्थानाच्या नावांचा इतिहास

‘सोळा पुरे’ यावरून सोलापूर हे नाव पडले, अशी समजूत आपल्या शहरात रूढ आहे. कोरीव लेखांत मात्र ‘सोन्नलगे’ हे रूप आढळते, आणि कन्नड परंपराही शिवयोगी सिद्धरामांना सोन्नलिगेचे म्हणूनच ओळखते. मूळ नावाचा अर्थ विसरला की लोक त्याला नवा अर्थ देतात. विदर्भातील चिखलदऱ्याच्या बाबतीतही असेच घडले असावे, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे ११०० मीटर उंचीवर हे गाव वसले आहे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत लोटले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्याचे ‘चिखलदरा’, अशी कथा प्रवाशांस सांगण्यात येते. भीमाने जेथे अंग धुतले ते भीमकुंडही दाखविले जाते. ही कथा श्रद्धेचा विषय म्हणून आदरणीय आहे; परंतु ध्वनिदृष्ट्या ही व्युत्पत्ति टिकत नाही. वर्णविपर्यय मानला तरी ‘ख’मधील महाप्राणत्व आणि ‘ल’कार यांचा उलगडा होत नाही. उलट प्राकृत ‘चिक्खल्ल’पासून मराठी ‘चिखल’ सरळ सिद्ध होतो. पावसाळ्यात या पठारावर चाललेल्यास अधिक पुराव्याची गरज भासू नये.

जवळचा गाविलगड गवळ्यांच्या नावाने ओळखला जातो, अशी परंपरा आहे. बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास तो बांधून काढला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. पुढे इंग्रजांनी येथे उन्हाळी विश्रामस्थान वसविले, आणि ‘प्रॉस्पेक्ट’, ‘हरिकेन’ अशी नावे कड्यांना चिकटली. आता प्रवासी केवळ उन्हाळ्यातच येत नाहीत. पावसाळ्यात धबधबे व धुके, हिवाळ्यात मेळघाटातील गवा, अस्वल, सांबर आणि क्वचित वाघ पाहण्यास ते येतात. मेळघाट व्याघ्रप्रकल्प १९७४ मध्ये स्थापन झाला.

या पौराणिक, मराठी व इंग्रजी थरांखाली आणखी एक थर आहे; तो कोरकू भाषेचा. ही मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ मधील चौथ्या खंडात तिची नोंद आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा बहुवचनाचा प्रत्यय. म्हणून ‘कोरकू’ म्हणजे माणसे. वाघाला ते ‘कुला’ म्हणतात. येथील सिपना नदीचे नाव सागाच्या कोरकू नावावरून आले, असे सांगतात.

रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षे अभ्यासकांस दिसले नाही. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा आढळले, आणि पुढे मेळघाटातही. पक्षी रानातच होता, पाहणारे नव्हते. ओढे, टेकड्या, पाणवठे यांच्या कोरकू नावांची स्थिती याहून बिकट आहे. व्याघ्रप्रकल्पातील कित्येक गावांचे पुनर्वसन झाले आहे. वाघासाठी जंगल मोकळे करण्याचा हेतू समजण्यासारखा आहे; पण माणसे खाली उतरली की त्या जागांना नावाने हाक मारणारे कोणी उरत नाही. पक्ष्याप्रमाणे नाव पुन्हा सापडत नाही. म्हणून पुनर्वसित गावांतील वृद्धांकडून ही नावे उच्चारांसह टिपून घेणे, हे इतिहास व भाषाशास्त्र या दोहोंचे तातडीचे कर्तव्य आहे.