सालवनातील धावपट्ट्या : खड्गपूरच्या परिसरातील विस्मृत बी-२९ तळ

बांकुरा जिल्ह्यातील पियारडोबा हे आडवळणाचे रेल्वे स्थानक. त्याच्या आसपासचे उपग्रहचित्र उघडले की सालवृक्षांच्या गर्द हिरव्या पटावर एक फिकट, सरळ रेघ उमटलेली दिसते. ती ना नदीसारखी वळते, ना रस्त्यासारखी एखाद्या गावाला जाऊन भिडते. जंगलात सुरू होते आणि जंगलातच थांबते. ही रेघ म्हणजे १९४४ सालची धावपट्टी. त्या काळच्या सर्वांत मोठ्या बाँबफेकी विमानांचा एक संपूर्ण ताफा येथून उडत असे.

अशा पट्ट्या एक-दोन नाहीत. खड्गपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी आणि कलाईकुंडा अशी या तळांची नावे. शिवाय काही महिन्यांपुरता वापरला गेलेला पुरुलियाजवळचा छर्रा. अमेरिकी कागदपत्रांत या सर्वांना सरसकट ‘बंगालमधील तळ’ म्हटले जाते आणि शोध घेणारा पहिली चूक तेथेच करतो. १९४४ मध्ये चाकुलिया बिहार प्रांताच्या सिंहभूम जिल्ह्यात होते, आज ते झारखंडमध्ये आहे. छर्रा बिहारच्या मानभूम जिल्ह्यात होते. पुरुलियाचा भाग पश्चिम बंगालला जोडला गेला तो १९५६ मध्ये. जुना मेदिनीपूर जिल्हा २००२ मध्ये विभागला गेला आणि २०१७ मध्ये त्यातून झाडग्राम वेगळा झाला. तळ जागचे हलले नाहीत, पण त्यांच्यावरून जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या सीमा मात्र सरकत राहिल्या. म्हणून एकाच तळाचे कागद तीन-चार दफ्तरखान्यांत विखुरलेले सापडतात.

हा प्रदेश जंगलमहालाचा. तांबडी जांभी माती, सालाची वने, संथाळ, मुंडा, लोधा आणि महातो यांच्या वस्त्या. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या त्या याच बाजूने. बंगाली लोकस्मृतीतील ‘बर्गी’ ते हेच. दोनशे वर्षांनंतर आलेल्या दुसऱ्या परक्या फौजेचा लोकस्मृतीवर तितका खोल ठसा उमटला नाही, हे खरोखर नवलाचे आहे.

हीच जागा का निवडली गेली? जपानच्या मुख्य भूमीपर्यंत मजल मारू शकणारे बी-२९ सुपरफोर्ट्रेस हे विमान १९४३ च्या अखेरीस तयार होत होते. मारियाना बेटे अजून जपानच्या ताब्यात होती. चीनमधून उड्डाण करावे, तर चीनचे सर्व भूमार्ग तुटलेले. त्यावर अमेरिकेने तोडगा काढला तो असा : विमानांचे कायमचे ठाणे भारतात ठेवायचे, तेथून हिमालय ओलांडून चेंगडूजवळच्या पुढच्या तळांवर जायचे, तेथे इंधन भरायचे आणि मग जपानवर चढाई करायची. या योजनेचे सांकेतिक नाव होते ‘मॅटरहॉर्न’. भारतातील ठाणे कलकत्ता बंदराच्या आवाक्यात, पण किनाऱ्यापासून काहीसे आत हवे होते. जमीन शक्यतो सपाट आणि टणक, शिवाय लोहमार्ग हाताशी. बंगाल नागपूर रेल्वेचे मोठे जंक्शन असलेले खड्गपूर या सर्व कसोट्यांना उतरले.

बांधकाम १९४३ च्या अखेरीस आणि १९४४ च्या आरंभी घाईघाईने झाले. बी-२९ चा पंखविस्तार १४१ फूट आणि इंधन व बाँबसह वजन साठ टनांच्या घरात, तेव्हा नेहमीच्या सहा हजार फुटांच्या पट्ट्या अपुऱ्या पडणार होत्या. त्या साडेसात हजार फुटांपर्यंत, म्हणजे सव्वादोन किलोमीटरांहून अधिक वाढवाव्या लागल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अधिकृत इतिहासात या कामावर सुमारे ६,००० अमेरिकी सैनिक आणि २७,००० भारतीय मजूर असल्याचे नमूद आहे.

त्या २७,००० या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण हे काम कोणत्या मेदिनीपुरात चालले होते हे अमेरिकी तळांच्या कथांतून बहुधा निसटते. २९ सप्टेंबर १९४२ रोजी तमलूक येथे मोर्चाच्या अग्रभागी तिरंगा घेऊन चालणाऱ्या मातंगिनी हाजरा पोलिसांच्या गोळीला बळी पडल्या. तीन आठवड्यांच्या आतच, १६ ऑक्टोबरला, किनाऱ्यावर भीषण चक्रीवादळ धडकले. जपानी उतरतील या धास्तीने सरकारने त्याआधीच किनारपट्टीतील तांदूळ हलवला होता आणि होड्या काढून घेतल्या होत्या. डिसेंबरमध्ये तमलूक परिसरात ताम्रलिप्त राष्ट्रीय सरकार स्थापन झाले आणि ते १९४४ पर्यंत टिकले. त्यानंतर १९४३ चा दुष्काळ आला. बंगालमधील त्याचे बळी पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत मोजले जातात. १९४३ च्या हिवाळ्यात पीक बरे आले, तरी हिवताप आणि देवी यांनी माणसे मरतच होती.

धावपट्टीचे काँक्रीट ओतले गेले ते नेमके याच महिन्यांत. खडी फोडणारे आणि पाट्या वाहणारे हात या भुकेल्या मुलखातले होते. अशा वेळी रोख मजुरी हा अनेकांना जगण्याचा आधार वाटला असेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याच तळांसाठी शेते गेली होती, हेही तितकेच खरे. भारत संरक्षण नियमांतील ७५-अ या नियमाने सरकारला स्थावर मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार दिला होता. मालकाची संमती त्यासाठी आवश्यक नव्हती. मोबदल्याचे ठरवायचे ते मागाहून. ज्याच्या नावे जमीन होती त्याला निदान दाद मागता येई. बटाईने कसणाऱ्याच्या हाती त्याचा कोणताही कागदच नव्हता.

या ताफ्याचे, म्हणजे विसाव्या बाँबर कमांडचे, मुख्यालय हिजली येथील एका दुमजली, मनोऱ्याच्या इमारतीत थाटले गेले. ही इमारत म्हणजे राजबंद्यांना ठेवण्याची हिजलीची छावणी. १६ सप्टेंबर १९३१ च्या रात्री तेथील पहारेकऱ्यांनी निःशस्त्र बंदिवानांवर गोळ्या झाडल्या आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे ठार झाले. त्यांचे मृतदेह नेण्यासाठी सुभाषचंद्र बोस स्वतः हिजलीला आले. रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्त्याच्या जाहीर सभेत निषेध केला. १९४२ मध्ये छावणी कायमची बंद झाली आणि दोन वर्षांच्या आत त्याच भिंतींवर जपानचे नकाशे टांगले गेले. पुढे १९५१ मध्ये देशातील पहिली आयआयटी याच इमारतीत सुरू झाली. ‘हिजली शहीद भवन’ हे तिचे आजचे नाव हुतात्म्यांचे स्मरण देते. मधल्या अमेरिकी पर्वाचा मात्र त्यात मागमूस नाही. वसाहतीचा तुरुंग, महायुद्धाचे मुख्यालय आणि स्वतंत्र भारताची तंत्रसंस्था हे तीन काळ एकाच छपराखाली अवघ्या वीस वर्षांत नांदून गेले. भारतात अशा वास्तू फार थोड्या असतील.

पहिले बी-२९ चाकुलियाला उतरले ते २ एप्रिल १९४४ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. या विमानाची इंजिने नवी होती आणि तापण्याबद्दल कुप्रसिद्ध होती. भारताच्या वाटेवर असतानाच कराचीच्या परिसरात काही विमाने कोसळली आणि ताफा काही काळ जमिनीवर रोखून धरावा लागला. दुपारच्या उन्हात विमानाच्या पत्र्याला हात लावता येत नसे, त्यामुळे दुरुस्तीची कामे पहाटे आणि रात्री चालत.

५ जून १९४४ रोजी ९८ विमानांनी पहिली मोहीम केली, बँकॉकच्या रेल्वे यार्डावर. दहा दिवसांनी चेंगडूकडील तळांवरून ६८ विमाने जपानच्या यावाता येथील पोलाद कारखान्याकडे निघाली. त्यांतील ४७ विमाने तेथे पोहोचली आणि प्रत्यक्ष कारखान्यावर पडला तो एकच बाँब. तरी १९४२ च्या डूलिटल हल्ल्यानंतर जपानच्या मुख्य भूमीवर झालेला हा पहिलाच हवाई हल्ला असल्याने त्याचा गाजावाजा मोठा झाला.

मॅटरहॉर्नचे खरे दुखणे होते इंधनाचे. चीनमधून एका विमानाने एक चढाई करायची, तर तिला पुरेल इतके पेट्रोल आणि बाँब तेथे नेण्यासाठी हिमालयावरून सरासरी सहा फेऱ्या कराव्या लागत. म्हणजे ताफ्याची बहुतेक शक्ती स्वतःचीच शिदोरी वाहण्यात खर्ची पडत होती. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे हे अमेरिकी सेनाधिकाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु चीन युद्धात टिकून राहावा, यासाठी काहीतरी दृश्य करणे राजकीयदृष्ट्या आवश्यक होते.

ऑगस्टच्या अखेरीस कर्टिस लमे हे हिजलीला प्रमुख म्हणून आले. त्यांच्या कारकिर्दीत, १८ डिसेंबर १९४४ रोजी, चीनमधील जपानव्याप्त हँकाऊ शहरावर आगलावे बाँब टाकून मोठा हल्ला झाला. शहराचा नदीकाठ जळून गेला. तीन महिन्यांनी, ९ मार्च १९४५ च्या रात्री, मारियानाहून निघालेल्या लमेंच्या विमानांनी टोकियोवर आग ओतली आणि सुमारे एक लाख माणसे मेली. टोकियोच्या या कथेतले एक प्रकरण हिजलीच्या इमारतीत घडले, हे जगाच्या इतिहासात दिसते. खड्गपूरच्या इतिहासात क्वचितच.

मार्च १९४५ च्या अखेरीस सिंगापूरजवळच्या बुकुम बेटावरील तेलसाठ्यांवर शेवटची मोहीम झाली. ताफे टिनियन बेटाकडे निघून गेले आणि जे उचलून नेता येत नव्हते ते येथेच राहिले.

पुढे प्रत्येक तळाचे नशीब निराळे निघाले. कलाईकुंडा आज भारतीय वायुसेनेचा मोठा तळ आहे. दुधकुंडीच्या जुन्या तळाभोवती वायुसेनेचे मारा-सराव क्षेत्र आहे, तेव्हा तेथे हौसेने पाऊल टाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चाकुलियाची कथा सर्वांत विलक्षण. १९७१ मध्ये तेथे मुक्तिवाहिनीच्या तरुणांना प्रशिक्षण दिले गेले, त्यामुळे या एका गावाचे नाव दोन युद्धांच्या इतिहासांत येते. त्याच पट्ट्यातील सालबनी हा तळ ब्रिटिश हवाई दलाच्या लिबरेटर विमानांचा होता. ३५५ आणि ३५६ क्रमांकांची स्क्वाड्रन तेथेच उभी राहिली. आज सालबनी म्हटले की लोकांना नोटांचा छापखाना आठवतो.

मग हे तळ ओळखायचे कसे? धावपट्टी हा सर्वांत ठळक, पण सर्वांत कमी बोलका पुरावा. तिच्या कडेने फुटणारे वळणदार टॅक्सीवे आणि त्यांना फळांसारखे लगडलेले चौथरे अधिक सांगतात. हवाई हल्ल्यात एकाच बाँबने सारी विमाने जाऊ नयेत, म्हणून ती अशी विखरून ठेवत. चौथऱ्यांचा आकार आणि त्यांमधील अंतर मोजले की तेथे लढाऊ विमाने राहत होती की चार इंजिनांचे धूड, याचा अंदाज बांधता येतो. साडेसात हजार फुटांची पट्टी दिसली की बी-२९ ची शंका घ्यायला हरकत नाही. मात्र तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये, कारण काही पट्ट्या पुढेही वाढवल्या गेल्या.

दुसरे साधन म्हणजे नकाशे. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने छापलेली यू-५०२ ही मालिका आज कोणालाही पाहता येते. अमेरिकेच्या ‘कोरोना’ या हेर उपग्रहांची १९६० ते १९७२ मधील छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. (महासाथीशी या नावाचा काही संबंध नाही.) आज जेथे भातशेती पसरली आहे, तेथे या चित्रांत टॅक्सीवेच्या रेषा स्पष्ट उठून दिसतात.

तिसरे साधन महसुली, आणि बहुतेक हौशी संशोधक तेथपर्यंत जात नाहीत. बंगालमध्ये प्रत्येक मौजाचे दोन जुने नकाशे असतात. एक विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोजणीचा, दुसरा जमीनदारी उठल्यानंतरच्या फेरमोजणीचा. युद्ध या दोहोंच्या मधोमध येते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की पहिल्यात लहान-लहान तुकड्यांची गोधडी आणि दुसऱ्यात त्याच जागी एकच लांबट गट, असा फरक दिसू शकतो. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारख्या तेथील खतियानात जुन्या तुकड्यांच्या कूळ-मालकांची नावे असतात. धावपट्टीखाली कोणाचे शेत गेले, हे सांगणारा कागद असेल तर तो हाच. अमेरिकी दफ्तरांत प्रत्येक बी-२९ चा अनुक्रमांक मिळतो, त्यातील वैमानिकांची नावे मिळतात, कित्येक विमानांची लाडकी टोपणनावेसुद्धा मिळतात. त्या २७,००० मजुरांचा मात्र फक्त आकडा मिळतो.

प्रत्यक्ष अवशेषांविषयी एक सावधगिरी. जमिनीतून लोखंडी नळकांडे किंवा गंजलेले टरफल वर आले, तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. ऐंशी वर्षे पुरलेला बाँब निकामी झाला असेलच असे नाही.

काही अवशेषांचा शोध आजही सुरू आहे. जून १९४४ च्या अखेरीस यावाताच्याच मोहिमेवरून तळाकडे परतणारे एक बी-२९ आसाममधील सापेखाती येथील भातखाचरात कोसळले. आतील सर्वजण मृत्युमुखी पडले. युद्धानंतर त्यांतील सात जणांचे अवशेष मिळाले, तिघांचे मिळाले नाहीत. २०२२-२३ मध्ये एका पथकाने अमेरिकी संस्थेच्या वतीने त्या चिखलात पुन्हा खणायला सुरुवात केली. पुरातत्त्वीय पद्धतीने एकेक थर काढला गेला, माती गाळून पाहिली गेली. त्यातून हाती आलेल्या अवशेषांवरून, तिघांपैकी एकाची ओळख अखेर पटली.