पंगत आणि उपाहारगृहातील घुमारा

नांदेड-लातूरकडील जुन्या पंगतीत गलबला काही थोडा नसे; परंतु कोणी श्लोक म्हणू लागला, की तो पार शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाई. वर कापडी मांडव, पुढे पळसाची पत्रावळ. तेथे आवाज घुमावा कशावर? पुढे उपाहारगृहे आली, ती शहाबादी फरशी, गुळगुळीत भिंती आणि धातूची भांडी घेऊन. कठीण पृष्ठभाग ध्वनी गिळीत नाही, परतवितो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात असा घुमारा सुमारे साडेपाच सेकंद टिके. वॉलेस सॅबिन यांनी नाटकगृहातील गाद्या आणून मांडल्या, तेव्हा तो ओसरला. आमच्या उपाहारगृहांत गाद्या कोण मांडणार? जो तो आवाज चढवितो, आणि म्हातारे आजोबा, नातवाचा शब्द न कळताच, हसून मान डोलावतात.