पाच सुरुंग

डिसेंबर 1595 मध्ये अकबराचा मुलगा शहजादा मुराद अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोटाला वेढा घालून बसला. गादी कुणाची यावर निजामशाही सरदार आपसात भांडत होते. किल्ला सांभाळत होती चांदबीबी: हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा.

फेब्रुवारी 1596, रात्र

तटाखाली पाच सुरुंग भरून तयार आहेत. सकाळी बत्ती द्यायची. अंधारात मुघल छावणीतला ख्वाजा मुहम्मद खान शिराझी किल्ल्याशी येतो आणि सुरुंग कुठे कुठे आहेत ते सांगून टाकतो. शत्रूच्या गोटातल्या माणसाचं ऐकायचं का? चांदबीबी ऐकते. लगेच आतून खणायला सुरुवात होते.

उजाडताना

दोन सुरुंग सापडले. त्यांतली दारू काढली. बाकीच्यांचा शोध चालू.

दिवस वर येतो

बाहेर वेगळीच घाई. किल्ला पडल्याचं श्रेय मुघल सेनापती खानखानान अब्दुर्रहीमला मिळू नये म्हणून मुराद त्याला न विचारताच फौज उभी करतो. तिसऱ्या, सर्वांत मोठ्या सुरुंगातली दारू आतली माणसं उपसत असतानाच बत्ती दिली जाते. उपसणारे जागीच मरतात, तट कोसळून खिंडार पडतं. सरदार पळायच्या बेतात. तेवढ्यात तोंडावर बुरखा नि हातात नंगी तलवार घेऊन चांदबीबी खिंडारात येऊन उभी राहते.

मुघल मात्र लगेच चालून येत नाहीत. उरलेले सुरुंग उडायची ते वाट बघतात. रिकामे झालेले सुरुंग उडणार कसे? तेवढ्या वेळात तोफा खिंडाराकडे वळतात, बाण आणि दारू खंदकाच्या तोंडाशी पोचते.

दुपारचे चार

हल्ला सुरू होतो. लाटेमागून लाट येते आणि खंदकात प्रेतांचा खच पडतो. गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांत भरली, असं लोक सांगतात. दंतकथेला चमक लागतेच. स्पेनचा एल सिद 1099 मध्ये वालेन्सियात वारला, तर कथेने त्याचं प्रेत घोड्यावर बांधून शत्रूला पळवलं. प्रत्यक्षात पुढे 1102 पर्यंत शहर धरून ठेवलं ते त्याच्या बायकोने, हिमेनाने. तिच्या वाट्याला तेवढी गाणी आली नाहीत.

अंधार पडल्यावर

मुघल मागे सरतात. रात्रभर खिंडार बुजवणं चालतं, आणि पहाटेपर्यंत भिंत पुरुषभर उंच झालेली असते. इतिहासकार फरिश्ता लिहितो की शत्रूच्या छावणीतही तिची वाहवा झाली. अन्नटंचाई आणि विजापूरहून येणारी सुहेलखानाची फौज पाहून मुराद तह करतो. वऱ्हाड जातं, किल्ला राहतो.

जुलै 1600

आता बाहेर शहजादा दानियल आणि खानखानान. चांदबीबीला कळून चुकलंय की यावेळी किल्ला टिकणार नाही. सुखरूप जुन्नरला जाऊ देत असतील तर तो द्यावा, असं ती किल्ल्यातल्या हमीदखानाला बोलून दाखवते. तो बाहेर धावतो आणि ओरडत सुटतो: बेगम मुघलांना फितूर झाली!

शहानिशा कुणी करत नाही. जमाव महालात घुसून तिला ठार मारतो. विहिरीत उडी घेतल्याची कथा लोकांना जास्त रुचली, कारण तीत मारेकरी आपले नाहीत.

ऑगस्टमध्ये सुरुंग उडाले. यावेळी ते कुणी रिकामे केले नव्हते. किल्ला पडला आणि गादीवरच्या लहानग्या बहादूर निजामशहाला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं गेलं.