द्रोण की लहुजी? : वस्ताद निवडण्याचा प्रश्न

शरीर कमावण्यासाठी शिक्षक कोणता निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता व्यायामशाळेतला वाटतो. पण या देशात शिक्षक निवडण्याचा अधिकार शतकानुशतके मूठभरांनाच होता. बाकीच्यांना गुरूने पत्करायचे किंवा हाकलायचे, एवढेच. म्हणून या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहणे भाग आहे.

भारत सरकारने १९८५ साली क्रीडाप्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षी तो कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज आणि पी. टी. उषाला घडविणारे ओ. एम. नंबियार यांना मिळाला. या तिघांच्या श्रमांविषयी वाद नाही. वाद आहे तो पुरस्काराच्या नावाविषयी : द्रोणाचार्य! महाभारताच्या आदिपर्वातला द्रोण निषादपुत्र एकलव्याला शिकवायचे नाकारतो आणि न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मागतो. का? तर अर्जुनाला कुणी वरचढ ठरू नये! विद्यार्थ्याचा हातच निकामी करणाऱ्याचे नाव उत्तम प्रशिक्षकाच्या सन्मानाला शोभते, असे मानणारी ही कोणती संस्कृती?

आपल्याजवळ दुसरी परंपरा आहे. ती पोथीत नाही, तालमीच्या तांबड्या मातीत आहे. तिथला शिक्षक 'वस्ताद'. हा शब्द फारसीतल्या 'उस्ताद'चा. त्याला सोवळ्या-ओवळ्याचा वास नाही.

लहुजी साळवे (१७९४–१८८१) हे या परंपरेतले मोठे नाव. जातीने मांग. पुण्यात त्यांची तालीम होती. पेशवाई १८१८ साली बुडाली, तरी पेशवाईचे मन बुडाले नव्हते. अशा शहरात माळ्याचा मुलगा जोतीराव फुले दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकायला या मांग वस्तादाकडे गेला. वासुदेव बळवंत फडके यांचे नावही लहुजींच्या शिष्यांत घेतले जाते. म्हणजे ज्याची सावली टाळायची, त्याच्याच हाताखाली घाम गाळायचा, असा हा उलटा धडा होता. आणि लहुजी तालमीपाशी थांबले नाहीत. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ पासून शाळा काढल्या, तेव्हा महार-मांगांची पोरे तिकडे धाडावीत म्हणून या वस्तादाने आपला शब्द खर्च केला. अशाच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला.

या दोन परंपरांतूनच निवडीच्या कसोट्या हाती येतात. दारातून आत कोण येऊ शकतो? दक्षिणा म्हणून काय मागितले जाते? आणि शिष्य शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहतो, की जन्मभर त्याच उंबऱ्याला बांधलेला राहतो?

आज तालुक्याच्या गावीही जिम निघाल्या आहेत. भिंतीवर प्रमाणपत्रे आणि फुगलेल्या दंडांची चित्रे. ती जरूर पाहावीत. प्रशिक्षण खरोखर कुठे घेतले, हेही विचारावे. पण ट्रेनर आपल्याला काय विचारतो, ते अधिक पाहावे. जुनी दुखापत, दम लागणे, झोप, घरचे जेवण, यांची चौकशी न करता पहिल्याच दिवशी जड वजन हाती देणारा वस्ताद नव्हे. दिवसभर पोती वाहून आलेल्या पोराचे शरीर आधीच राबलेले असते; त्याला आज विश्रांती घे म्हणणारा खरा जाणता. भाकरी, डाळ, शेंगदाणे, अंडी यांतून खुराक बसवून देणारा आपला. महागड्या पावडरीचा डबा गळ्यात मारणारा दुकानदार. आणि झटपट दंड फुगविण्यासाठी इंजेक्शन सुचविणारा तर अंगठाच मागतो आहे.

आपल्या बापजाद्यांची शरीरे दुसऱ्यांच्या कामासाठी झिजली. आता कुठे ती स्वतःसाठी कमावण्याची सवड आपल्या पिढीला मिळते आहे. ती कुणाच्या हाती सोपवायची, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. तो संकोच न करता बजावावा.